पंधरा मिनिटांचं नाव

रूवीत, घड्याळाच्या मनोऱ्यामागे,
अर्धे दिवे विझवलेल्या ऑफिसात
आम्ही एक नाव बनवत होतो
जे पंधरा मिनिटांत शिळं होईल.
नुसती अक्षरं आणि आकडे, अर्थ काहीच नाही.
फोननं फोनला हळूच सांगायचं,
चौदा दिवस विसरायचं नाही.
मग विसरायचंच.

बद्रिया म्हणाली, देहापाशी लहरी अडतात,
माणूस म्हणजे उभं पाणी.
आणि प्लायवूडची भिंत त्यांना दिसतच नाही:
पलीकडच्या खोलीतला अनोळखी
उशाशी झोपल्यासारखा मोजला जातो.
म्हणून आम्ही रुसैलच्या कॅम्पात गेलो, टेप घेऊन.

आठ माणसं, चार दुमजली खाटा,
दोन चार्जर, पाच फोन.
मी वहीत लिहिलं: एक माणूस एक फोन, हे चूक.
दिलावर परकार, हर्णैचा, इलेक्ट्रिशियन,
टेपचं दुसरं टोक धरून उभा होता.
माझी मराठी ऐकून त्यानं टोक सोडलं नाही,
फक्त आवाज खाली आणला:
"बाय, यातनं कळेल का
मी जुम्म्याला कुठं जातो?"

जुम्म्याला तो लोकांचे एसी दुरुस्त करायचा.
व्हिसा एकाचा, घाम दुसऱ्याच्या दारात.
एवढंच गुपित,
एवढ्यावर विमानात बसवतात.

"नाही," मी म्हटलं.
"कंपनीला?"
"नाही."
"सरकारला?"
"नाही."
"तुला?"
मी थांबले. कारण त्या दिवसापर्यंत
मला कळू शकत होतं.

बैठकीत एकानं नकाशा मागितला.
लाल ठिपके, कोण कुठून कुठे गेलं.
माणूस वाईट नव्हता. त्याची आई
तेव्हा व्हेंटिलेटरवर होती.
उत्तर पाठ असूनही माझी जीभ जड झाली.
बद्रियाच बोलली: ज्याला भीती वाटेल
तो फोन उशीखाली ठेवून बाहेर पडेल,
आणि तुमच्या नकाशावर
फक्त न घाबरणारी माणसं फिरतील.

त्या रात्री मी सर्व्हरमधली ती एक ओळ काढली.
झाकली मूठ, म्हटलं, आता माझ्यापासूनही झाकलेली.

सहा आठवड्यांनी माझाच फोन थरथरला.
"तुम्ही बाधित व्यक्तीजवळ
पंधरा मिनिटांहून जास्त वेळ होतात."
वाक्य माझंच. तिसऱ्या मसुद्यात
"घाबरू नका" मीच खोडलं होतं.

कोण?
औषधांच्या दुकानातली ती लांबलचक रांग?
मत्र्याच्या बंदरावर, बाकाच्या दुसऱ्या टोकाला
करक चहा पीत बसलेली बाई?
की गेल्या जुम्म्याला माझ्या खोलीत
स्टुलावर उभा, मास्क हनुवटीवर, पाना दातांत,
"पुढच्या खेपेला गॅस भरतो" म्हणणारा?

लॅपटॉप उघडला. सगळे दरवाजे मला ठाऊक होते.
एकही नव्हता.
राग आला, खोटं कशाला बोलू.
आपणच बांधलेल्या भिंतीवर डोकं आपटायला
जागासुद्धा सापडेना.

तपासणी करून आले, दार लावून घेतलं.
जुम्मा आला. दिलावर आला नाही.
दुसरं काम मिळालं असेल. बस चुकली असेल.
किंवा त्याच्याही फोनवर माझं वाक्य पोचलं असेल,
माझ्यामुळे.
"बरा आहेस का" एवढं लिहिलं,
मग त्या "का"पाशी अडले.
ही विचारपूस, की चौकशी?
पुसून लिहिलं: "गॅसची घाई नाही.
काही लागलं तर सांग."
दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

एसी गळत राहिला.
खाली बादली, दिवसातून दोनदा ओतायची,
थेंबांचा हिशेब कोण ठेवतो.

पुढे कितव्यातरी रात्री, मी झोपेत असताना,
फोननं तो निरर्थक आकडा
आपणहून पुसून टाकला.
सकाळी उठले तर
बादली काठोकाठ.